इकोनियाचं न संपलेलं जेवण

इकोनियामावशी शिवी घातल्याशिवाय कुणाला पाणी द्यायची नाही. टपालवाला दारात आला की आधी त्याच्या सायकलीचा उद्धार, मग त्याच्या खात्याचा, मग त्या खात्याला पोसणाऱ्या सरकारचा. एवढं झालं की विहिरीचं गार पाणी मातीच्या मगात काठोकाठ भरायची आणि त्याच्या हातात कोंबायची. "पी मुडद्या. आन् सांडू नगंस, पान्यावाचून मेल्यात लोकं." टपालवाला हसत प्यायचा. त्याला वाटायचं, म्हातारीची बोलायची तऱ्हाच तशी. पण तिच्या पोटात राग होता, आणि तो तिनं लहानपणापासून जपला होता, बाकीच्या बायका विरजण जपतात तसा. रोज थोडा काढायचा, रोज थोडा लावायचा. कधी संपला नाही, कधी नासला नाही.

मी द्रागा, तिच्या कुंपणापलीकडची. कुंपण आपलं नावाला. तिच्या कोंबड्या माझ्या परसात अंडी घालायच्या आणि ती माझ्यावर चोरीचा आळ घ्यायची. लग्न होऊन या गावात आले त्या दिवशी तिनं मला "ए पोरी" म्हणून हाक मारली. मला नात झाली तरी मी "ए पोरी"च.

आमचं गाव रुमानियाच्या पश्चिम कडेला, बनात प्रांतात. शेवटच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की सरहद्दीपलीकडच्या चर्चचा कळस दिसतो. एकावन्न साली तेवढाच गुन्हा पुरला. इथलं कम्युनिस्ट सरकार आणि शेजारचा युगोस्लाव्हिया यांचं बिनसलं, आणि सरहद्दीजवळच्या ज्याच्याकडे चार एकर जास्त, ज्याची सून पलीकडची, ज्याचा चुलता कधीकाळी अमेरिकेला गेलेला, तो माणूस शत्रू ठरला. इकोनियाच्या बापाकडे मळणीचं यंत्र होतं. तेही अर्धं. उरलेलं अर्धं मेव्हण्याचं. अर्ध्या यंत्रापायी अख्खं घर उचललं.

पेंटेकॉस्टचा, म्हणजे ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाचा, सण होता. त्या सणाला आम्ही दाराच्या चौकटीला अक्रोडाच्या डहाळ्या लावतो. झुंजुमुंजू व्हायच्या आत शिपाई आले. ते परमुलखातले, त्यांना कुणाचं घर कुठलं ते काय ठाऊक? म्हणून त्यांच्या पुढे गावातलाच एक तरणा पोरगा चालत होता. तो ज्या दारापाशी थांबायचा आणि डहाळी ओढून खाली टाकायचा, त्या घरात शिपाई शिरायचे. त्या पोराचं नाव निस्तोर.

गुरांच्या मालगाडीत भरून त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, बारागानच्या माळावर. झाड नाही, भिंत नाही, नुसतं काटेरी गवत. जमिनीत एक खुंटी ठोकलेली. "हे तुमचं घर," म्हणाले. बापानं खड्डा खणला, वर गवत घातलं, त्यात चौघं राहिली. आई, बाप, आठ वर्षांची इकोनिया आणि तीन वर्षांचा योवा. पाणी ट्रॅक्टरमागच्या टाकीतून यायचं. कधी यायचं, कधी नाही. आलं की कोमट, गढूळ, गंजाच्या वासाचं. ते पिऊन योवाला हगवण लागली, आणि हगवण लागलेल्या पोराला पुन्हा तेच पाणी. शेवटच्या दिवशी टाकी आलीच नाही. योवा मातीचा मग हातात धरून बसला होता. रिकामा मग. इकोनिया एवढंच सांगायची, याच्या पुढचं सांगताना मी तिला कधी ऐकलं नाही.

पाच वर्षांनी त्यांना परत यायची परवानगी मिळाली. बारागानवरची ती मातीची वस्ती पुढे सरकारनं ट्रॅक्टर घालून सपाट केली, कबरस्तानासकट. लग्नानंतर इकोनिया नवऱ्याला घेऊन भावाची कबर शोधायला गेली. तिथं छातीइतका मका उभा होता. आणि गावात परत आल्यावर ह्यांच्या राहत्या घरात सरकारी सामुदायिक शेतीची कचेरी. ह्यांना त्याच घराच्या तबेल्यात राहायची मुभा मिळाली. पुढच्या खोलीत, तिच्या आजीच्या कपाटाला पाठ लावून, चेअरमन म्हणून निस्तोर बसलेला.

आता आमच्या पितरांच्या शनिवारबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी नवी मातीची भांडी आणायची, त्यात खायला-प्यायला घालायचं, लाल दोरा बांधायचा, आणि आपल्या मेलेल्या माणसाचं नाव घेऊन ती लोकांना द्यायची, जास्त करून पोरांना. इथं दिलेलं तिथं पोचतं. घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. घेताना म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." आणि ज्याच्या नावाचं कुणीच घेतलं नाही, तो तिथं उपाशी.

बाकीच्या बायका दुधातला भात देतात, केक देतात, हल्ली बाटलीतलं रंगीत सरबतही देतात. इकोनिया आधी पाणी द्यायची. गावची पोरं भर उन्हात चर्चपासून तिच्या फाटकापर्यंत पळत यायची, घामाघूम. ती एकेकाच्या हातात गार पाण्याचा मग द्यायची आणि कुणी तोंडाला लावला की खेकसायची, "अजून न्हाई!"

मग सगळी पोरं मग हातात धरून उभी. मगाला बाहेरून घाम सुटलेला, पोरांच्या घशाला कोरड. आणि ती सांगायची. डहाळी, मालगाडी, खुंटी, खड्डा, टाकी.

"तान लागली?"

"लागली!"

"लई?"

"लई!"

"आन् मग तर भरल्याला हाय तुमच्या हातात. त्येचा रिकामा हुता. आता पेवा. पन काय म्हनायचं?"

तिथं क्षमेचं नाव काढलेलं तिला चालायचं नाही. एकदा एका नव्या पोरानं घरच्या वळणानं म्हटलं, "देव योवाला क्षमा करो." इकोनियानं त्याचा कान धरला. "कशाची रं क्षमा? तीन वर्साचं लेकरू, काय पाप केलं त्यानं? क्षमा म्हनं! म्हनायचं, योवा, पानी घे." तेव्हापासून तिच्या फाटकात पोरं ओरडायची, "योवा, पाणी घे!" आणि घटाघटा प्यायची. मग भात. या गावात तीन पिढ्या तो भात खाऊन मोठ्या झाल्या. वर्गातल्या पुस्तकात या सगळ्यावर अर्धं पान आहे. पानावर चित्र आहे म्हणून अर्धं, नाहीतर पावच झालं असतं. आमच्या पोरांना जे ठाऊक होतं ते त्या मगातून.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली म्हणजे शाळेत कामेलियाबाई आल्या. तिमिश्वारा शहरातून आलेल्या, तरण्या, चांगल्या मनाच्या, पोरांना रंगवायला वगैरे शिकवणाऱ्या. दुसरी म्हणजे निस्तोरला मरणाची भीती वाटायला लागली.

निस्तोर एव्हाना गावचा आजोबा झाला होता. पक्ष बुडाला, सामुदायिक शेती मोडली, निस्तोर तेवढा तरंगला. मोडीत निघालेले ट्रॅक्टर त्याच्या नावावर, गोदाम त्याच्या नावावर, आणि शाळेला नवं छप्पर त्याच्या नावानं. गोड बोलायचा. रस्त्यात पोर दिसलं की खिशातून गोळी काढायचा. "त्या काळी एवढं काही वाईट नव्हतं हो," म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. "सगळ्यांना काम होतं, पाव स्वस्त होता." इकोनियापुढे कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "व्हय बाबा. तबेल्याचं भाडं बी न्हवतं."

त्याचा मुलगा जर्मनीत. बाप मेल्यावर येईल, पुरेल, जाईल. मागून त्याच्या नावानं कोण वाढणार? अशा माणसासाठी आमच्यात एक सोय आहे, जितेपणीचं जेवण. माणसानं जिवंतपणीच आपल्या नावाचं जेवण घालायचं. भाकरीत मेणबत्ती रोवून टेबलाच्या शेंड्याला बसायचं, आपल्या हातानं एकेकाला वाटी द्यायची. जेवणाऱ्यानं त्याच्यासाठी क्षमा मागायची देवाकडे, खायचं, झालं की चमचा वाटीवर पालथा ठेवायचा आणि वाटी घरी न्यायची. शेवटचा चमचा पालथा पडेपर्यंत यजमानानं उठायचं नाही. उठला तर सगळं वाया. माझ्या सासऱ्यांच्या जेवणाला साव्हा दारुड्या दुपारी बसला तो दिवेलागणीपर्यंत चमचा चाटत होता. सासरे बसल्या जागी कळवळत होते, लघवीला जायचं होतं. "साव्हा, बाबा, गिळ की रे!" तो म्हणे, "गहू जरा कच्चा राहिलाय, मामा, चावायला लागतं." अजून गाव हसतं त्यावर.

आणि अशा जेवणाला वैऱ्याला स्वतः जाऊन बोलवावं लागतं. वैरी जेवला नाही तर बाकीच्यांच्या जेवणाला अर्थ नाही.

म्हणून मे महिन्यात एका सकाळी निस्तोर इकोनियाच्या फाटकाशी आला. हॅट हातात. मी माझ्या बाजूला कांद्याची रोपं लावत होते.

"इकोनिया," तो म्हणाला, "माझं जेवण ठेवलंय. पितरांच्या शनिवारी, शाळेच्या पटांगणात. तू यायचंस."

"शनिवारी माज्या दारात पोरं येत्यात."

"पोरं शाळेतच असतील गं. बाईंनी सगळा वर्ग आणायचं कबूल केलंय. पोरांना वाट्या देणार, खेळणी देणार. तुलाही तेवढाच आराम. या वयात कुठं पाणी उपसत बसतेस."

मी खुरपं खाली ठेवलं.

"म्हातारे झालो आपण," तो म्हणाला. "मनात किती दिवस धरायचं? देवाघरी जाताना हात रिकामे असावेत."

"माज्या योवाचं रिकामंच हुतं," ती म्हणाली. "हात बी आन् मग बी. निघ हितनं. न्हाईतर कुत्रं सोडीन."

तिच्याकडे कुत्रं नव्हतं. निस्तोर तरी लगबगीनं गेला.

तो गेला आणि ती विहिरीच्या काठावर बसली. "ए पोरी," म्हणाली, "माज्या पान्याला कोन येनार आता? तिकडं खेळनी हायती." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्यात शिवीच नव्हती.

मी तिला घेऊन शाळेत गेले. कामेलियाबाईंनी आम्हाला लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसवलं. इकोनियाचे गुडघे हनुवटीला लागले.

"आजी, मला तुमचं दुःख समजतं," बाई म्हणाल्या. "पण दोन पालकांनी तक्रार केली आहे. तुम्ही मुलांना उन्हात तहानलेलं ठेवता. मेलेल्या मुलाच्या गोष्टी सांगता. मुलांच्या मनावर ताण येतो."

"योवाच्या बी आला हुता."

"तसं नाही, आजी. आपण त्यांना आनंदी गोष्टी दिल्या पाहिजेत. निस्तोर आजोबांनी छप्पर दिलं, मुलांनी आभार मानायला शिकावं. जुनी भांडणं मुलांपर्यंत कशाला?"

"भांडान?" इकोनिया उठली. खुर्ची तिच्या मागे चिकटूनच उठली, ती तिनं ओढून काढली. "बाई, भांडनाला दोगं लागत्यात. योवा कवा भांडला न्हाई. तो बोलाया बी नीट शिकला न्हवता." आणि दारात वळून म्हणाली, "तुमचं छप्पर गळलं तर सांगा. त्याच्या खालची जिमीन माज्या बाची हाय."

ते खरं होतं. शाळा आणि पटांगण म्हणजे त्यांच्याच खळ्याची जागा, ते अर्धं यंत्र तिथंच चालायचं. बाईंना ते माहीत नव्हतं. कोण सांगणार? अर्ध्या पानात ते कुठं मावणार?

शनिवार उजाडला. इकोनियानं नेहमीसारखे मग मांडले, लाल दोरे बांधले, पाणी भरलं. चर्चची प्रार्थना संपली, घंटा झाली. फाटकात कुणी आलं नाही. पटांगणाकडून बँडचा आवाज यायला लागला. माझी नात देनिसा नवा फ्रॉक घालून माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, आम्हाला तिकडे रांगेनं जायचंय. बाईंनी सांगितलंय." मी काय करणार? पोरगी गेली. मगातल्या पाण्यात माश्या बसायला लागल्या.

इकोनिया बराच वेळ फाटकाला धरून उभी होती. मग तिनं वेताची टोपली काढली, मगांतलं पाणी ओतून ते तिच्यात एकात एक घालून ठेवले, दुधाच्या कॅनमध्ये ताजं पाणी ओतलं.

"कुठं, मावशी?"

"जेवाया. वैऱ्यानं बलीवलंय न्हवं? कॅन धर."

पटांगणात अक्रोडाच्या झाडांखाली लांबलचक टेबलं लावली होती. शेंड्याला निस्तोर, काळ्या कोटात, पुढ्यात भाकरी आणि भाकरीत उंच मेणबत्ती. शेजारी पाद्रीबाबा. वाट्यांमध्ये शिजवलेला गोड गहू, वर पिठीसाखर आणि अक्रोड. पोरांच्या रांगेपुढे कामेलियाबाई हातवारे करत होत्या, आणि पोरं एका सुरात म्हणत होती, "निस्तोर आजोबा, आपण आमच्यावर छाया धरलीत..." सावली अक्रोडाची होती. ती झाडं इकोनियाच्या आजोबांनी लावलेली.

इकोनिया सरळ शेंड्यापर्यंत चालत गेली. बँड आपोआप थांबला. निस्तोरचा चेहरा उजळला. वैरी आला, आता जेवण पुरं होणार. त्यानं वाटी भरून पुढे केली.

"घे, इकोनिया. माझ्या जिवाच्या नावाचं."

तिनं घेतली. आमच्यात वाढलेलं नाकारत नाहीत, तिनंही नाकारलं नाही. वाटीत बघून म्हणाली, "ह्यो गहू कुठल्या रानातला? वड्याकाठच्या?"

"हो... तिकडचाच."

"म्हंजी आमच्याच. म्हनूनशान वास वळखीचा आला."

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "म्हण, बाई. देव त्याला क्षमा करो."

"ते माज्याकडं न्हाई, बाबा. ज्याच्याकडं हाय तो मक्याखाली हाय. त्येला इचारा." तिनं वाटी डाव्या हातात धरली, टोपलीतून मग काढला, कॅनमधून काठोकाठ भरला आणि निस्तोरपुढे धरला. "आता तू घे. माज्या योवाच्या नावाचं."

सगळं गाव बघत होतं. वाढलेलं त्यालाही नाकारता येईना. त्यानं मग घेतला, लाडीगोडीचं हसू आणलं आणि मग तोंडाकडे नेला. तेवढ्यात पोरांच्या रांगेतून, सवयीनं, सगळ्यांचा एकदम आवाज आला:

"अजून न्हाई!"

इकोनियाच्याच बोलीत, तिच्याच खेकसण्यात. काही पोरं खुदकन हसली, काहींनी जीभ चावली. कामेलियाबाई दचकून वळल्या. निस्तोरचा हात ओठांच्या चार बोटं अलीकडे थांबला. आणि तो तिथंच राहिला, कारण आता सगळी शाळा त्या मगाकडे बघत होती.

इकोनियानं सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. डहाळी. दार. "ही डहाळी कुनी वडली, इचारा." मालगाडी. खुंटी. अक्रोडाची सावली सरकली होती, जूनचं ऊन निस्तोरच्या टकलावर पडलं होतं, कोटाची गळपट्टी भिजली होती.

"मी काय केलं?" तो मध्येच म्हणाला. "मी नुसती घरं दाखवली. मी दाखवली नसती तर दुसऱ्यानं दाखवली असती."

"व्हय. मग त्या दुसऱ्याच्या हातात असता आज ह्यो मग. पन तो दुसरा कुठं हाय, निस्तोऱ्या? हितं तर तूच बसलाईस."

"सरकारचा हुकूम होता, बाई!"

"सरकारला हात नसत्यात. डहाळी हातानं वडली. ह्या हातानं." तिनं मग धरलेल्या त्याच्या हाताकडे हनुवटीनं दाखवलं. "आन् माजी आय दारात उभी हुती, तर तिला काय म्हनलास ते सांगू? म्हनलास, जास्त भांडी घेऊ नगा, तिकडं सगळं मिळल."

कुणाच्या तरी हातातला चमचा वाजला. टेबलावरच्या म्हाताऱ्यांतले दोघं-तिघं खाली बघत होते. त्यांच्याही घराच्या डहाळ्या त्या रात्री पडल्या होत्या, आणि त्यांच्यापुढेही आज साखर घातलेला गहू होता.

तिनं टाकीचं सांगितलं. ती आलीच नाही ते सांगितलं. मग म्हणाली, "तान लागली?"

निस्तोरनं ओठांवरून जीभ फिरवली.

"आता पी."

त्यानं घाईनं मग उचलला आणि जुन्या सवयीनं पुटपुटला, "देव त्याला क्षमा करो."

"तसं नाही!" माझी देनिसा रांगेतून बाहेर आली होती. तिला खरंच राग आला होता, चुकीची कविता म्हणणाऱ्या पोराचा यावा तसा. "तसं नाही म्हणायचं! त्यानं काहीच केलं नव्हतं. 'योवा, पाणी घे' म्हणायचं!"

कामेलियाबाईंनी तिचा दंड धरला, आणि मग, देव त्यांचं भलं करो, सोडून दिला.

"म्हन," इकोनिया म्हणाली.

तो म्हणाला. ऐकू येईल न येईल असं, पण म्हणाला. प्याला. अर्धं कोटावर सांडलं.

पाद्रीबाबांनी मोठा श्वास सोडला. लोकही हलले. सगळ्यांना वाटलं, झालं, म्हातारीचं मन शांत झालं, आता रडेल, मिठी मारेल, बँड वाजेल. लोकांना ते फार हवं असतं. ज्यांचं काही गेलेलं नसतं त्यांना तर फारच.

इकोनियानं वाटीतला एक चमचा गहू तोंडात घातला. सावकाश चावला. मग चमचा वाटीत उभा खोचला, टोपली काखेत घेतली आणि वाटीसकट फाटकाकडे निघाली.

"अगं, चमचा!" पाद्रीबाबा उठले. "चमचा पालथा ठेव! तो उठणार कसा?"

"म्या अजून जेवतीया," ती मागे न बघता म्हणाली. "माजं झालं म्हंजी निरोप धाडीन."

आधी साव्हा दारुड्याचा धाकटा भाऊ हसला. मग आणखी दोघं. मग कुणीच नाही, कारण लोकांच्या ध्यानात आलं. निस्तोर मेणबत्तीपुढे बसून होता. उठावं तर जेवण वाया, बसावं तर किती वेळ?

आम्ही घरी पोचलो तर आमच्या मागून पोरं. रांग मोडून, खेळणी टाकून. बाईंनी सोडलं की पोरं पळाली, ते मी विचारलं नाही. फाटकाशी येऊन ती धापा टाकत उभी राहिली. इकोनियानं त्यांना शिव्या घातल्या. "आलासा व्हय, भाडखावांनो? आदी तिकडं शेपट्या हलवायला गेलासा, आता तान लागली?" आणि प्रत्येकाच्या हातात मग दिला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एकानंही आधी तोंड लावलं नाही.

संध्याकाळी पाद्रीबाबा आले. निस्तोर अजून बसून होता, म्हणाले. चक्कर येतेय त्याला. "इकोनिया, दया कर. चमचा पालथा कर नुसता. मी इथंच बघतो आणि जाऊन सांगतो."

"बाबा, माज्या भावाची कबर कुठं हाय ते मला सांगा. म्या तितं जाऊन इचारते, करू का पालथा. त्यो हो म्हनला की करते."

पाद्रीबाबा तसेच परत गेले. अंधार पडल्यावर निस्तोर उठला. शेजाऱ्यांनी धरून घरी नेला. मेणबत्ती विझवायची कुणाला आठवण राहिली नाही.

त्यानंतर तो पुष्कळ जगला. असली माणसं जगतात. इकोनिया त्याच्या आधी गेली, एका मार्चमध्ये, कोंबड्यांना दाणे टाकताना. तिच्या चुलीवरच्या फळीवर ती वाटी होती. गहू वाळून दगड झालेला आणि चमचा त्यात उभा. मी ती माझ्या फळीवर आणून ठेवली. पितरांच्या शनिवारी आता पोरं माझ्या फाटकाशी येतात. सांगायचं काम देनिसा करते, ती आता मोठी झालीय. मला इकोनियासारखं खेकसता येत नाही, देनिसाला येतं. मगांना लाल दोरे कामेलियाबाई बांधतात. पुस्तकात अजून अर्धंच पान आहे.

गेल्या वर्षी निस्तोर वारला. मुलगा जर्मनीहून आला. पुरून झाल्यावर काळ्या गाडीतून माझ्या दारात उतरला. सभ्य माणूस, बापासारखाच गोड.

"काकू," म्हणाला, "शेवटी बाबांच्या तोंडी तेच होतं. तो चमचा. तुमच्याकडे आहे म्हणतात. एवढं पालथं केलंत तर त्यांना सुटल्यासारखं होईल."

मी त्याला आधी पाणी दिलं. तो तहानलेला होता, त्यानं लगेच मग तोंडाला लावला, आणि ओसरीवरून देनिसा ओरडली, "अजून न्हाई!" तो बिचारा मग हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. मग देनिसानं त्याला बसवून सगळं सांगितलं. त्याला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. बापानं कधी सांगितलं नव्हतं.

ऐकून झाल्यावर तो पाणी प्याला. निघताना त्यानं पुन्हा फळीवरच्या वाटीकडे पाहिलं.

"म्हणजे नाही करणार तुम्ही?"

"माझं जेवण असतं तर केलं असतं, बाबा," मी म्हटलं. "पण ते इकोनियाचं आहे. आणि ती अजून जेवतेय."